रिपोर्ट नॉर्मल, तरी कामे का बिघडतात?

मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाचा सीटी स्कॅन साफ आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आठवड्याने तो दुकानावर जातो आणि तक्रारी सुरू होतात. पाच वस्तू आणायला गेला, दोनच आणल्या. हिशेब अर्धवट टाकला. अम्मी काही बोलल्या तर भडकला. ‘पडून राहून आळशी झालाय,’ असे घरात म्हटले जाते.

आम्हा शिक्षकांना अशी मुले वर्गात भेटतात. निबंधाचे मुद्दे तोंडपाठ असतात, पण सुरुवात कुठून करावी तेच सुचत नाही. गणिताची पहिली पायरी लिहितात आणि दुसरीवर अडतात. याला कामचोर म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

बेशुद्धी अर्ध्या तासाहून कमी आणि विस्मरण एका दिवसाच्या आतले असेल, तर डॉक्टर सहसा त्या इजेला ‘सौम्य’ म्हणतात. पण डोक्याला बसलेल्या झटक्याने मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेले हाड दिसते. हे ताणलेले तंतू बहुधा दिसत नाहीत. आधी काय, मग काय, कुठे थांबायचे, राग कसा आवरायचा हे ठरवणारा मेंदूचा पुढचा भाग म्हणजे जणू मुकादम. मजूर हजर असतात, मुकादम थकलेला असतो.

बहुतेकांना काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत बरे वाटते. काहींना जास्त वेळ लागतो. अपुरी झोप, डोकेदुखी आणि काळजी त्यात भर घालतात. पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी, मग हळूहळू कामाला लागावे. महिनाभर अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवण्याने उलट नुकसानच होते. एका वेळी एकच काम सांगा, तेही कागदावर लिहून. टीव्ही बंद ठेवा. पैशाचे व्यवहार डोके ताजे असताना करू द्या. गाडी कधी चालवायची ते डॉक्टरांना विचारा.

वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके किंवा जाग न येणारी गुंगी दिसली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

तीन महिन्यांनंतरही अडचण राहिली तर मेंदूविकारतज्ज्ञांकडून मानसशास्त्रीय चाचणीची चिठ्ठी घ्या. त्यात आकडे आणि अक्षरे आलटून पालटून रेघेने जोडायला सांगतात आणि वेळ मोजतात. स्कॅनला न सापडलेली अडचण तिथे कधी कधी सापडते.