चौथ्यांदा वर्कशॉपला गेलेली नवी गाडी

दसऱ्याला हार घालून घरी आणलेली गाडी दिवाळीपर्यंत तीनदा वर्कशॉपला जाऊन आली, की सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, "तीनदा दुरुस्त करूनही बिघाड तसाच राहिला, म्हणजे कायद्यानं नवी गाडी द्यावीच लागते." कुणी म्हणतं, "कंपनीशी कोण भांडणार? विकून मोकळे व्हा." दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्याच्या भरवशावर माणूस नुसत्या धमक्या देत राहतो आणि दुसऱ्यामुळे हातातला हक्क सोडून देतो.

'तीनदा बिघडली की नवी गाडी' हा समज अमेरिकेतून आलेला असावा. तिथल्या राज्यांत नव्या सदोष गाड्यांसाठी वेगळे कायदे आहेत. त्यांना 'लेमन लॉ' म्हणतात. कनेक्टिकट राज्यानं १९८२ साली असा कायदा केला आणि मग इतर राज्यांनीही केले. ठरावीक मुदतीत, ठरावीक खेपांत दोष गेला नाही, तर गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे, असा त्यांचा साधारण साचा आहे. भारतात असा कायदा नाही, त्यामुळे खेपांचा आकडाही ठरलेला नाही. आपल्याकडे आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्याच्या कलम ३९ नुसार ग्राहक आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, किंमत परत करायला आणि नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. यातलं काय मिळेल, हे दोष कोणत्या जातीचा आहे आणि तो कसा सिद्ध झाला, यावर ठरतं.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल पाहिले की हे स्पष्ट होतं. मारुती उद्योगच्या २००६ च्या प्रकरणात क्लचचा दोष होता. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन आहे, अख्खी गाडी बदलण्याचं नाही, असं म्हणून न्यायालयानं गाडी बदलण्याचा आदेश रद्द केला, पण ग्राहकाला झालेल्या त्रासाची भरपाई द्यायला लावली. फियाटच्या २०१० च्या प्रकरणात मात्र वेगळी दिशा दिली: स्वतंत्र तज्ज्ञानं गाडी तपासावी आणि मुळातच उत्पादनातला दोष निघाला, तर किंमत व्याजासह परत करावी. ह्युंदाईच्या २०२२ च्या प्रकरणात क्रेटा गाडीच्या एअरबॅग अपघाताच्या वेळी उघडल्या नव्हत्या. धडक किती जोराची होती याचं गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं म्हणत न्यायालयानं गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला.

असे अपवाद सोडले, तर दोष सिद्ध करण्याचा भार बहुतेक वेळा ग्राहकावरच असतो. माझ्या मते अशी बहुतेक प्रकरणं आयोगासमोर उभं राहण्याच्या कितीतरी आधी, वर्कशॉपच्या काउंटरवरच जिंकली किंवा हरली जातात. तिथला कागद म्हणजे जॉब कार्ड. तुम्ही सांगता, "चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत नाही, इंजिनचा दिवा लागतो," आणि सर्व्हिस ॲडव्हायझर लिहितो, "जनरल चेकअप." वर्षभरानं आयोगासमोर हेच दोन शब्द उरतात, आणि मग कंपनीचा वकील म्हणतो की तक्रार कधी नव्हतीच. म्हणून तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. प्रत्येक खेपेला तीच तक्रार असेल, तर तेच शब्द पुन्हा लिहायला लावा. गाडी दिल्याची आणि परत मिळाल्याची तारीख, किलोमीटरचा आकडा, बदललेले भाग हे सगळं कार्डावर असू द्या. गाडी परत घेताना 'समाधानी' या शब्दाखाली सही मागितली आणि बिघाड तसाच असला, तर सहीशेजारी 'तक्रार कायम' लिहा. त्याच दिवशी डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल करा. बिघाड दिसत असताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. आणि वाद चालू असताना गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडू नका. एकदा ती उघडली की दोष मूळचा होता की नंतरचा, हा नवाच वाद सुरू होतो.

तज्ज्ञाची तपासणी कायद्यातच आहे. कलम ३८ नुसार आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचं शुल्क आधी ग्राहकाला भरावं लागू शकतं. एकाच तक्रारीची चार-पाच जॉब कार्डं हातात असली, की अशी तपासणी मागण्याला वजन येतं.

"वॉरंटी संपली की सगळं संपलं" हेही खरं नाही. वॉरंटी हा कंपनीचा करार आहे, आणि आयोगाकडे जाण्याची मुदत कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं असते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण डीलर "पुढच्या महिन्यात पार्ट येतोय" असं गोड बोलत असताना ही मुदत थांबून राहत नाही. उशीर झाल्यास पुरेसं कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, पण त्यावर विसंबू नये.

डीलर म्हणतो कंपनीकडे जा, कंपनी म्हणते डीलरकडे जा. तक्रारीत दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. तरी दोघांची जबाबदारी प्रत्येक वेळी एकच नसते. गोव्यात एका डीलरनं २००९ ची, आधीच चाललेली टाटाची गाडी २०११ ची नवी म्हणून विकली होती. त्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीला माहिती होती हे सिद्ध झाल्याशिवाय डीलरच्या लबाडीसाठी तिला जबाबदार धरता येत नाही. म्हणून दोष कारखान्यातला की विक्रीतला, हे तक्रारीत नेमकं मांडा.

खर्चाची धास्ती अनाठायी आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, कंपनीचं मुख्यालय चेन्नईत असो की गुरुग्रामला. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. तक्रार ऑनलाइन करता येते आणि वकील सक्तीचा नाही. कायद्यात तपासणी लागणाऱ्या प्रकरणासाठी ५ महिन्यांची मुदत आहे. प्रत्यक्षात निकाल लांबतात, याची मनाची तयारी हवी. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. काही वेळा कंपनी तिथंच बोलायला तयार होते.

व्यापारी कारणासाठीची खरेदी या कायद्यात बसत नाही, पण टॅक्सी चालवून स्वतःचं पोट भरणाराही कायद्यानं ग्राहकच आहे. कंपनीच्या नावावरची गाडी संचालकांच्या वापरासाठी असेल, तर तेवढ्यावरून ती खरेदी व्यापारी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये सांगितलं.

रागाच्या भरात कर्जाचे हप्ते मात्र थांबवू नका. कर्ज हा बँकेशी झालेला वेगळा करार आहे. हप्ते थकले आणि बँकेनं गाडी ओढून नेली, तर तुमचा सगळ्यात मोठा पुरावाच हातातून जातो.