बारीक स्क्रूसाठी इलेक्ट्रिक ड्रायव्हर घेताना

कल्याण-नगर रस्त्यावर ओतूर आणि आळेफाटा यांच्या मध्ये पिंपरी पेंढार लागतं. या पट्ट्यात विहिरीवरच्या पेटीत आता घरून फोनवरच मोटर चालू करणारे मोबाइल स्टार्टर बसलेले दिसतात आणि पाठीवरचा फवारणी पंप बॅटरीवर चालतो. जुन्नर तालुक्यात बिबट्याचा वावर असा आहे, की रात्री लाईट आली म्हणून मोटर चालू करायला उसाच्या कडेनं एकट्यानं जाणं जिवावरचं ठरू शकतं. अशा गावात मोबाइल स्टार्टर बिघडला तर त्याची दुरुस्ती लांबवून चालत नाही. घरातलं एखादं हुशार पोर मग ती पेटी उघडतं, त्यातलं सर्किट बाहेर काढतं आणि हळूहळू शेजारच्यांचे रिमोट, चार्जर, मोबाइलही त्याच्याकडे यायला लागतात. अशा कामासाठी पेनाएवढा इलेक्ट्रिक स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा झाला तर काय बघावं, ते इथे सांगतो.

या पेनाच्या पोटात तीनच मुख्य गोष्टी असतात: लिथियमचा छोटा सेल, बारीक डीसी मोटर आणि दातेरी चाकांचा गिअरबॉक्स. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, पण तिच्यात जोर नसतो. गिअर तो वेग कमी करतात आणि साधारण त्याच प्रमाणात पीळ वाढवतात. बिटपर्यंत पोचेपर्यंत वेग मिनिटाला शंभर-दोनशे फेऱ्यांवर येतो. त्याहून जास्त वेगाची गरजही नसते. दोन मिलिमीटर जाडीच्या साध्या स्क्रूचे आटे 0.4 मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे सहा मिलिमीटर आत जायला पंधरा फेरे लागतात आणि मिनिटाला 200 फेऱ्यांनी ते साडेचार सेकंदांत होतात. वेगाच्या आकड्याला भुलू नका.

खरा आकडा पिळाचा, म्हणजे टॉर्कचा. तो न्यूटन-मीटरमध्ये लिहितात. पाच सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला शंभर ग्रॅम वजन टांगलं, की साधारण 0.05 न्यूटन-मीटर पीळ पडतो. मोबाइलमधल्या स्क्रूला एवढाच पीळ पुष्कळ होतो. शाओमीच्या मिजिया पेनात दोन टप्पे आहेत, 0.05 आणि 0.2. याउलट बॉशच्या गो जातीच्या ड्रायव्हरचा पीळ 5 न्यूटन-मीटरपर्यंत जातो. त्याच पाच सेंटिमीटरच्या दांड्यावर दहा किलो वजन टांगल्यासारखा. फर्निचर जोडायला तो उत्तम, पण सर्किटच्या प्लॅस्टिकच्या बुडख्यात तो चुकून वरच्या टप्प्यावर चालला तर आटे क्षणात जातात. बारीक कामाला जास्त ताकदीचा ड्रायव्हर चांगला, ही समजूत दुकानात सर्रास भेटते, आणि ती पूर्ण उलटी आहे. सगळ्यात खालचा टप्पा किती कमी आहे आणि तिथे यंत्र स्वतःहून थांबतं का, हे आधी विचारा.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत 3 न्यूटन-मीटर लिहिलेलं असेल तर जरा थांबा. पेनाच्या आकाराच्या ड्रायव्हरमध्ये हा आकडा बहुधा हातानं फिरवण्याचा असतो. मोटर बंद असताना आतला दांडा जाम राहतो, त्यामुळे पेन साध्या स्क्रू ड्रायव्हरसारखं वापरता येतं, आणि तेव्हा ते एवढा जोर सहन करतं. मोटरचा आकडा वेगळा, बारीक अक्षरांत असतो. ही हातानं फिरवायची सोय मात्र हवीच. घट्ट बसलेला स्क्रू आधी हातानं सैल करायचा आणि मग मोटरनं बाहेर काढायचा. बसवताना मोटर आतपर्यंत नेते, शेवटचं आवळणं हातानं करायचं. प्लॅस्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडणारा स्क्रू असेल तर आधी हातानं उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो टक्‌ करून बसतो, मग सुलटा घ्या. तसं न करता थेट मोटर लावली तर दरवेळी नवे आटे पडतात आणि तीन-चार उघडझापीत स्क्रू नुसता फिरत राहतो.

बिट हा अर्धा सौदा आहे. पेनाचे बिट चार मिलिमीटर षट्कोनी बुडाचे असतात, मोठ्या ड्रायव्हरचे पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरचे. एकाचे दुसऱ्यात बसत नाहीत. पोलाद एस-2 लिहिलेलं घ्या. चार पाकळ्यांच्या, म्हणजे फिलिप्स स्क्रूसाठी पीएच-000 पासून पीएच-2 पर्यंतचे बिट लागतातच. आयफोन उघडायचे तर पाच पाकळ्यांचा 0.8 मिलिमीटरचा आणि आतल्या काही स्क्रूंसाठी तीन टोकांचा 0.6 मिलिमीटरचा बिटही हवा. जपानी यंत्रांतल्या चौपाकळी स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर तो जपानी मापाचा असतो. त्यात साधा फिलिप्स घसरून डोकं खातो. फवारणी पंपाचे आणि चार्जरचे स्क्रू खोल भोकांत असतात. 28 मिलिमीटरचा आखूड बिट तिथे पोचत नाही, म्हणून संचात लांब दांडी आहे का, हे बघून घ्या. दुकानात पेन चालू करून बिटच्या टोकाकडे पाहा. टोक वर्तुळात डुलत असेल तर ते पेन ठेवून द्या.

स्टार्टरच्या पेटीत जिथे थ्री-फेजच्या वायरी आवळतात, त्या टर्मिनलला हे पेन अजिबात लावू नका. त्यांना एक न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पीळ लागतो. पेनाच्या मोटरनं आवळलेलं टर्मिनल ढिलं राहतं, तापतं आणि जळतं. शिवाय धातूच्या अंगाचं हे पेन विजेपासून संरक्षण देत नाही. आधी मेन स्विच पाडा, आणि सर्किटवर मोठा कपॅसिटर असेल तर तो रिकामा झाल्याची मीटरनं खात्री करा. टर्मिनलसाठी मोठा, मुठीला इन्सुलेशन असलेला साधा स्क्रू ड्रायव्हरच हातात घ्या.

स्क्रू काढताना ते कागदावर, ज्या जागी होते त्याच मांडणीत ठेवा. मोबाइलमध्ये थोडा जास्त लांबीचा स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर खालच्या सर्किटमधल्या तांब्याच्या वाटा तुटू शकतात आणि सेट कायमचा जाऊ शकतो. मोटर लावून हे जास्त लवकर होतं, कारण बोटांना अडखळ कळायच्या आत बिट पुढे गेलेला असतो.

चार्जिंगचं म्हणाल तर टाइप-सी खाच असलेलं पेन घ्या, पण दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या केबलवर ते चार्ज होतंय का, हे दुकानातच लावून बघा. काही स्वस्त वस्तूंमध्ये त्यासाठी लागणारे दोन रोधक घातलेले नसतात, आणि मग त्या फक्त जुन्या चपट्या यूएसबी टोकाच्या केबलवरच चार्ज होतात.