कॅन्सर झाला म्हणून अंथरूण का धरायचं?

रोवणीचे दिवस असोत की दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेचे, गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात कॅन्सरच्या पेशंटला भेटायला आलेला माणूस निघताना एकच वाक्य बोलतो : "आता काही करू नका, फक्त आराम करा." पाहुणा चहा पिऊन घरी जातो. पेशंट मात्र खाटेवरच राहतो. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचाच थकवा येतो. हेतू मायेचा आहे, पण सल्ला चुकीचा आहे.

दिवसभर धानाच्या बांधीत वाकून रोवणी केली की अंग मोडून येतं, पण एक रात्र झोपलं की ते उतरतं. केमो किंवा रेडिएशनचा थकवा तसा नसतो. दहा तास झोपूनही तो जागचा हलत नाही. घरचे म्हणतात, "अजून झोपा." घोळ इथेच होतो. पडून राहिलं की स्नायू झिजतात, दम तुटतो, अंगणात जाणंही जड होतं, म्हणून माणूस आणखी पडून राहतो. दिवसा झोप झाल्याने रात्री डोळा लागत नाही, आणि सकाळी थकवा दुप्पट.

ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी पुरावा. २०१७ मध्ये 'जामा ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात ११३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. त्यात ११ हजारांहून अधिक पेशंट होते. कॅन्सरच्या थकव्यावर गोळ्यांपेक्षा व्यायाम आणि मानसिक आधाराचे उपचार जास्त उपयोगी पडतात, असं त्यात दिसलं. बरं होण्यासाठी ज्यांचे उपचार चालू आहेत, त्यांना उपचारांदरम्यानच व्यायाम सुचवावा, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये लेखी सांगितलं.

व्यायाम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जिम येते. अहो, गावच्या बोडीपर्यंत, म्हणजे तळ्यापर्यंत, चालून येणं हाही व्यायामच! आठवड्यातून तीनदा अर्धा तास हे उद्दिष्ट. सुरुवात पाच मिनिटांनी केली तरी चालेल.

आता याच गैरसमजाची दुसरी बाजू, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. "आराम करा" हे वाक्य बहुधा पुरुषांच्या वाट्याला येतं. बाई केमो घेऊन आली की संध्याकाळी चुलीपुढे असते, आणि वरून ऐकते, "कामात असलं की बरं वाटते." म्हणजे कुणी किती आराम करायचा हे शरीर नाही, घर ठरवतं. तिच्या बाबतीत आराम हाच औषधाचा डोस आहे, आणि तो चुकवू नये.

मग आराम आणि हालचाल यांचा मेळ कसा घालायचा? केमो साधारण तीन आठवड्यांनी असेल, तर पहिले काही दिवस थकव्याचे. त्या दिवसांत स्वयंपाक दुसऱ्यानं करावा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी खाली जातात. तेव्हा गर्दी आणि बांधीचा चिखल टाळावा. तिसऱ्या आठवड्यात बरेच जण सावरतात. मंडईत नाटक बघायचंय? डॉक्टरांना विचारून तारीख त्या आठवड्यात बसवा. दिवसात अंग सर्वांत हलकं वाटतं त्या तासाला महत्त्वाचं काम करा, बसून करता येईल ते बसून करा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा.

रेडिएशनचं गणित वेगळं. ते आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतं. त्यासाठी नागपूरला जावं लागलं, तर गोंदियाहून ते सुमारे १३० किलोमीटर. रोजची ये-जा हीच मोठी मजुरी होते, म्हणून जमेल तर नागपुरातच मुक्काम करावा. उपचारासाठीच्या प्रवासात, हॉस्पिटलचा दाखला असेल तर, स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटला रेल्वे भाडं माफ करते. सोबत्यालाही सवलत मिळते.

चालणं थांबवायचं कधी? ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर त्याच क्षणी डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, चक्कर, रक्तस्राव, किंवा हाडात पसरलेला कॅन्सर असेल तर विचारल्याशिवाय काही करू नका. थकवा अचानक वाढला तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. प्रत्येक थकवा "कॅन्सरचाच" नसतो.

बाकीचे गैरसमज, एकेका ओळीत :

"ताट-पेला वेगळा ठेवा." कॅन्सर उष्ट्यानं लागत नाही.

"रेडिएशन घेऊन आला, लेकरांना जवळ घेऊ नका." बाहेरून दिलेल्या रेडिएशननं माणूस किरणं सोडत नाही. नातवाला खुशाल मांडीवर घ्या.

"सुई टोचून तपासलं की पसरते." या भीतीनं तपासणी लांबते, आणि खरं नुकसान त्यानं होतं.

"स्तनाचं ऑपरेशन झालं, आता तो हात उचलायचाच नाही." हाताला सूज असलेल्या १४१ बायकांनी देखरेखीखाली हळूहळू वजन उचललं, तरी सूज वाढली नाही, असं २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. हात चालवा, मात्र जखमेपासून जपा.

"खर्रा सोडून आता काय उपयोग?" आहे. तंबाखूनं उपचाराचा परिणाम घटतो आणि जखम भरायला वेळ लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाला भेटायला जाल तेव्हा सल्ला घरी ठेवून जा. घरात बाई आजारी असेल तर त्या दिवसाचा डबा घेऊन जा. खाटेवर पुरुष असेल तर चपला त्याच्यापुढे सरकवा आणि विचारा, "बोडीपर्यंत येता का, भाऊ?"