मशीन चालू होतं, पण टिकत नाही

आज आपण बोलणार आहोत चेनसॉबद्दल, म्हणजे साखळीच्या करवतीबद्दल. बोलताना आपण तिला वुडकटर म्हणतो. "हे काय बायकांचं काम?" असं कुणाच्या मनात आलं असेल, तर आधी आमच्याकडे काय घडलं ते ऐका.

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत बागेचं काम आम्ही पाचजणी पाहतो. वळवाच्या किंवा जूनच्या पहिल्या पावसात पुण्यात गुलमोहराच्या फांद्या मोडतात, हे तुम्ही दरवर्षी पाहताच. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. आमच्याकडेही एक जाड फांदी फाटकाच्या वाटेवर आडवी पडली. अग्निशमन दलाच्या जवानांनी येऊन वाट मोकळी केली. उरलेले ओंडके बारीक करायचं काम आम्ही अंगावर घेतलं आणि सोसायटीचं वुडकटर बाहेर काढलं.

दोरी ओढली, मशीन चालू झालं. ॲक्सिलरेटर दाबला की बंद. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. दहा-बारा वेळा ओढून खांदे भरून आले. तेवढ्यात ओळखीच्या एकांनी सांगितलं, "रेसचा स्क्रू थोडा पिळा, बंद पडायचं नाही." आम्ही पिळला आणि खरंच मशीन बंद पडेना. पण ॲक्सिलरेटर सोडला तरी साखळी फिरतच राहिली, ते आमच्या लक्षात आलं नाही. आमच्यातलीच एक मशीन खाली ठेवायला वाकली आणि तिच्या ओढणीचं टोक साखळीत गेलं. ओढणी नुसती खांद्यावर टाकलेली होती, गाठ नव्हती, म्हणून ती सरसर ओढली जाऊन निसटली. गाठ असती तर काय झालं असतं, याचा विचार त्या रात्री आम्ही प्रत्येकीनं केला.

म्हणून आजची पहिली आणि मुख्य गोष्ट ही: बंद पडणारं मशीन रेस वाढवून चालवू नका. त्यानं बिघाड जात नाही, नुसता झाकला जातो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर साखळी थांबलीच पाहिजे. थांबत नसेल तर ते मशीन कापायला वापरायचं नाही.

आता बिघाड शोधायचा कसा? इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. आपल्या आयांनी रॉकेलचा स्टोव्ह वापरला. भोक तुंबलं की ज्योत फडफडायची, पिन मारली की पुन्हा निळी व्हायची. इथंही तसंच आहे. मशीन चालू होऊन बंद पडतं, म्हणजे ठिणगी बहुधा ठीक आहे. हवा किंवा पेट्रोल कुठेतरी अडतंय. ते नेमकं कधी बंद पडतं, हे नीट पाहिलं की अर्धा शोध लागतो.

हात लावण्याआधी स्विच बंद करा, इंजिन थंड होऊ द्या, स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा. हातमोजे घाला, साखळी बंद असली तरी कापते.

ॲक्सिलरेटर दाबताच बंद पडत असेल, तर आधी एअर फिल्टर पाहा. भुश्श्यानं तो बुजतो. फिल्टर काढण्यापूर्वी चोक बंद करा, म्हणजे वरचा भुस्सा आत पडणार नाही. फिल्टर झटका, मऊ ब्रशनं साफ करा. धुता येणारा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.

चोक लावलेला असताना चालतं आणि चोक काढला की बंद पडतं, असं असेल तर पेट्रोल कमी पोचतंय. चोक हवा कमी करतो, म्हणून अपुऱ्या पेट्रोलवरही इंजिन तग धरतं. अशा वेळी टाकीतला फिल्टर पाहायचा. टाकीच्या आत रबरी नळीच्या टोकाला तो लोंबकळत असतो. तारेचा आकडा करून टाकीच्या तोंडातून हळूच बाहेर ओढा. काळपट, चिकट झाला असेल तर नवा बसवा. नळीला चीर गेली असेल तर नळीही बदला, कारण चिरेतून पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. मशीन वाकडं धरलं की बंद पडतं, त्याचंही कारण बऱ्याचदा हीच नळी किंवा टाकीत उरलेलं थोडंसं पेट्रोल असतं.

पाच-दहा मिनिटं छान चालून मग बंद पडत असेल, तर टाकीच्या हवेच्या वाटेचा संशय घ्या. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं, दुसरं पाडलं की धार सरळ लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. टाकीतही पेट्रोल कमी होईल तशी हवा आत यावी लागते. ती वाट बुजली की पेट्रोल यायचं थांबतं. मशीन बंद पडल्यावर थोडं थंड होऊ द्या आणि झाकण हळूच सैल करा. हवा आत ओढल्याचा "सूं" असा आवाज आला आणि नंतर मशीन पुन्हा नीट चालू लागलं, तर दोष तिथंच आहे. आवाज आला नाही आणि मशीन तापलं की दर वेळी बंद पडतं, तर कॉइल तपासायला मेकॅनिककडे न्या.

फक्त लाकडात घातल्यावर बंद पडत असेल, तर इंजिनाला दोष देण्याआधी साखळी पाहा. बोथट साखळी, फार ताणलेली साखळी, किंवा साखळीच्या तेलाची रिकामी टाकी, यांनी इंजिनावर ताण येतो. धारदार साखळी लाकडाचे जाडसर तुकडे काढते, बोथट साखळी पिठासारखा भुस्सा. भुस्सा पाहूनच कळतं.

स्पार्क प्लग काढून त्याचा रंगही बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळा आणि ओला असेल तर हवा कमी किंवा पेट्रोल जास्त. पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन जास्त तापतंय. पांढरट प्लग दिसला तर मशीन चालवू नका, पिस्टन जाम होतो आणि मग खर्च मोठा. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असेल, तर तिच्यावर काजळी धरते. थंड असताना तारेच्या ब्रशनं ती साफ होते. कार्बोरेटरचे 'एल' आणि 'एच' लिहिलेले स्क्रू मात्र अंदाजानं फिरवू नका. ते काम मेकॅनिकचं.

आता आमच्या मशीनचं काय झालं? टाकीचं झाकण उघडलं तर आंबूस वास आला. गेल्या पावसाळ्यातलं पेट्रोल तसंच पडून होतं. २०२३ पासून आपल्याकडच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि पुण्यातल्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! पेट्रोल पडून राहिलं की त्याचा चिकटा कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतो, आतले रबरी पडदेही कडक होतात. आमचा टाकीतला फिल्टर चिकटून बसला होता. तो बदलला, जुनं पेट्रोल काढलं, मेकॅनिककडून कार्बोरेटर साफ करून घेतला, रेसचा स्क्रू पूर्वीसारखा केला. मशीन टिकलं, आणि बोट काढलं की साखळी थांबू लागली.

हे पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही दोन नियम केले. पहिला: पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मशीनच्या पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच घालायचं. ५० ला १ लिहिलं असेल तर एक लिटरला २० मिलिलिटर, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. तेलाशिवाय साधं पेट्रोल घातलं तर इंजिन जळतंच. मिश्रण लागेल तेवढंच करायचं, महिन्याच्या वर ठेवायचं नाही. दुसरा: काम संपलं की टाकी रिकामी करायची, मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग ठेवायचं. घरातली मिक्सरची भांडी आपण धुऊन ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

आणि मैत्रिणींनो, मशीन कितीही छान चाललं तरी काही कामं आपली नाहीत. शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर हात नेऊन कापायचं नाही. लोंबकळणारी फांदी, विजेच्या तारेवर पडलेलं झाड, ही कामं अग्निशमन दलाची, क्रमांक १०१. उभं झाड किंवा त्याची फांदी तोडायला महानगरपालिकेची परवानगी लागते. झाडांच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे १९७५ पासून आहे. जमिनीवर पडलेले ओंडके कापताना पदर, ओढणी, सैल बांगड्या नकोत. चष्मा, हेल्मेट, कानाला आच्छादन, जाड बूट हवेत, आणि जवळ एक जण हवी.

ती ओढणी आम्ही टाकून दिली नाही. बागेच्या खोलीत, मशीनच्या वरच्या खुंटीला ती फाटकीच टांगली आहे. नवी कुणी मशीन हातात घ्यायला आली, की आधी ती ओढणी दाखवतो, मग दोरी कशी ओढायची ते शिकवतो.