चंद्रभागेच्या वाळवंटात संपलेला माग

मार्गशीर्षात विठोबा देवळात नसतो, विष्णुपदावर राहायला जातो, अशी पंढरपूरची श्रद्धा. महिनाभर गोपाळपूरच्या वाटेवर माणसांची ये-जा चालते, नदीकाठी शिदोऱ्या सुटतात. आषाढीची रेटारेटी नसल्याने या दिवसांत एकेक चेहरा नीट पाहता येतो. मी मुद्दाम याच महिन्यात गेलो. कारण 2 जानेवारी 1848 रोजी लेफ्टनंट गेल या इंग्रज अधिकाऱ्याने बंडकरी राघोजी भांगरे यांना पंढरपुरात पकडले. पंचांगाचा हिशेब मांडला तर तो दिवस मार्गशीर्ष वद्य एकादशीच्या आसपास येतो.

राघोजी अकोले तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी. वडील रामजी इंग्रजांच्या पोलिसांत जमादार होते आणि ती नोकरी सोडून 1829 च्या सुमारास बंडात उतरले. त्यांच्या मागावर निघालेल्या फौजेत कॅप्टन मॅकिन्टॉश होता. या माणसाची कामाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. घाटांची नाकेबंदी वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी करायची, फितूर शोधायचे, आणि सोबत त्या लोकांची कुळे, सोयरिकी, देव, सण यांची माहिती जमवत राहायचे. महादेव कोळ्यांवरचा त्याचा सविस्तर वृत्तांत पुढे छापला गेला. आज अभ्यासक तो समाजाच्या इतिहासासाठी वाचतात. मला त्यात पाठलागाची हत्यारेही दिसतात.

राघोजींच्या बंडात हीच हत्यारे पुन्हा निघाली. 1844 पासून सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना त्यांचा दरारा होता. कर्जाच्या कागदांनी जमिनी गिळणाऱ्या सावकारांची नाके-कान कापली जात होती. 1845 मध्ये त्यांचे साथीदार बापू भांगरे सापडले, टोळ्या फुटल्या, तरी राघोजी हाती लागेनात. पोलिसांनी त्यांच्या आईचा छळ केला आणि तो राग त्यांच्या मनातून कधी गेला नाही, असे जुने वृत्तांत सांगतात. घरच्यांना धरले की फरारी नरमतो, हा ठोकताळा पाठलाग करणारे पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. इथे त्याने फरारी आणखी कडवा झाला. असा छळ मला त्या काळाच्या नावाखालीही क्षम्य वाटत नाही.

मग डोंगरात न सापडलेला माणूस पंढरपुरात कसा सापडला? सकाळच्या वेळी वाळवंटात उभे राहिले की याचे उत्तर हळूहळू उलगडते. डोंगरात वाटा फरारी निवडतो. कोणत्या खिंडीतून उतरायचे, कोणत्या कपारीत रात्र काढायची, हे त्यालाच ठाऊक. पंढरीत वाट ठरलेली असते. आधी चंद्रभागेचे स्नान, मग पुंडलिक, मग नामदेव पायरीला डोके टेकून महाद्वारातून आत. गोसाव्याचा वेष केला, नाव बदलले, तरी भाविकाची पावले या क्रमातून सुटत नाहीत. स्नानाला पागोटे उतरते, पायरीशी मान वाकते. पाळतीवरच्या माणसाला कुणाच्या मागे धावावे लागत नाही, फक्त योग्य जागी थांबावे लागते. मी पुंडलिकाच्या देवळापाशी बराच वेळ बसून हे पाहिले. नदीवर आलेला जवळजवळ प्रत्येक जण तिथून गेला. त्या देवळाचे पुजारी परंपरेने कोळी समाजाचे आहेत. राघोजींनी तिथे हात जोडले असतील तर ते आपल्याच माणसांपुढे.

ते आले तेव्हा जवळ शस्त्र नव्हते, असे सांगतात. मला त्या हकिगतीतले हेच सर्वांत मोलाचे वाटते. एवढा सावध माणूस नि:शस्त्र आला, कारण देवाकडे जाताना तसेच जायचे असते.

ओढीवरून माग काढण्याची ही रीत संपलेली नाही. लष्करातून पळालेल्या जवानाचा शोध आजही त्याच्या माणसांपासूनच सुरू होतो. 1950 च्या सेना अधिनियमानुसार कमांडिंग ऑफिसर मुलकी अधिकाऱ्यांना लेखी कळवतो आणि जवान तीस दिवस बेपत्ता राहिला की चौकशी मंडळ बसते. कागद पोलिसांमार्फत गावी पोहोचतो आणि विचारपूस होते ती आईबापांकडे, सासरवाडीला, यात्रेजत्रेत. ओढ कुठे आहे हे कळले की माग निम्मा निघतो.

राघोजींना 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. तो तुरुंग ठाण्याच्या किल्ल्यात आहे. पंढरपुरात 1815 मध्ये झालेल्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाबद्दल पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना तिथेच कोंडले होते आणि 1816 मध्ये ते तिथून निसटले. राघोजींना तशी संधी मिळाली नाही. पुढे 1857 चा उठाव झाला आणि डोंगरातल्या बंडांपुढे सरकारची पलटण अपुरी पडू लागली. तेव्हा कॅप्टन नटॉलने याच महादेव कोळ्यांची सुमारे सहाशे जणांची तुकडी उभारली. ओझे न घेता डोंगर तुडवणे आणि माग काढणे त्यांना शिकवावे लागले नाही. 1861 मध्ये तुकडी मोडली. थोडे पोलिसांत गेले, बाकीचे पुन्हा आपल्या शेतांकडे परतले.