मानाची कुस्ती कुणाची?

गावच्या जत्रेतील कुस्त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी रेवड्यांवर झोंबणारी चिल्लीपिल्ली, मग नारळाच्या आणि लहान इनामाच्या जोडी, आणि उन्हे कलली की शेवटी मानाची कुस्ती. ज्याने तालमीत घाम अधिक गाळला, त्याची पाळी शेवटची, हा त्यातील न्याय पोरासोरांनाही कळतो.

मुष्टियुद्धाच्या रिंगणात मात्र अलीकडे हा न्याय उलटा झाला आहे. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी लॉस एंजेलिसला केएसआय आणि लोगन पॉल या यूट्यूबवरील दोन लाडक्या गड्यांची झुंज झाली. दोघांचीही ही पहिलीच व्यावसायिक लढत. पण मान त्यांचा! त्यांच्याआधी कोण लढले म्हणाल, तर बिली जो सॉन्डर्स आणि डेव्हिन हेनी, आपापले जागतिक अजिंक्यपद पणाला लावून! विश्वविजेते रेवड्यांवर आणि नवशिके मानाच्या कुस्तीला!

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्ससमध्ये तोच प्रकार. अठ्ठावन्न वर्षांचा माइक टायसन आणि लोगनचा सत्तावीस वर्षांचा धाकटा भाऊ जेक पॉल. सत्तर हजारांवर माणसे जमली. पण दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्यांत थकलेले पाय तेवढे दिसले. पॉल गुणांवर जिंकला. खरी लढाई त्याआधीच होऊन गेली होती. डोळ्यावर जखम वाहत असता अमांडा सेरानो केटी टेलरशी अखेरपर्यंत झगडली होती.

मग हा सारा तमाशा म्हणून झिडकारावा काय? तसेही म्हणवत नाही. याच दोघींची झुंज २०२२ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुख्य लढत ठरली. तेथे हा मान स्त्रियांना प्रथमच मिळाला, आणि आयोजकांत होता जेक पॉलच! गर्दीचा पैसा कधीकधी योग्य हातीही पडतो.

धोका निराळाच आहे. प्रसिद्धी वर्षानुवर्षांच्या सरावाची उणीव भरून काढते, असा भ्रम तरुणांत पसरतो. १९ डिसेंबर २०२५ रोजी मायामीत तो फिटला. माजी विश्वविजेता अँथनी जोशुआने सहाव्या फेरीत पॉलला लोळवले. त्याचा जबडा मोडला. चाहत्यांची संख्या कितीही असो, ठोसा एकट्यालाच सोसावा लागतो.

पाळण्यासाठी जत्रेला आलेली पोरे कधीकधी फडाच्या कडेला रेंगाळतात आणि पुढे तालमीत शिरतात. त्यांना जरूर बोलवा. पण मानाची कुस्ती मानकऱ्यालाच द्या!