शहर वाढते तेव्हा पायवाटेचे काय होते?

पाटाचे पाणी शेतात कसे फिरते, हे तुम्हांला माझ्यासारख्या मास्तराने सांगायला नको. मोठ्या पाटातून चारी निघते, चारीतून दांड, आणि दांडातून पाणी वाफ्यात जाते. मध्ये कुठे हातभर जागा फुटली, की पुढचे शेत कोरडे राहते. वरचा पाट कितीही पक्का बांधलेला असला तरी त्या शेताला त्याचा उपयोग नाही. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे शहरात पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी वाटा कशा आखाव्यात, हे समजायला फारसे अवघड जाणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही खेड्यातली माणसे, शहरातल्या वाटांशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दिवसेंदिवस जवळ येतो आहे. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ गावे आली आणि २०२१ साली आणखी २३ गावे आली. अशा गावांत काल जिथे ज्वारी डोलत होती, तिथे आज सातमजली इमारती दिसतात. माणसे तीच, शाळा तीच, देऊळही तेच. पण घरापासून शाळेपर्यंत जाणारी पाणंद कुणाच्या तरी कुंपणात जाते, आणि दहा वर्षांचे पोर दप्तर सांभाळीत मोठ्या रस्त्याने, मालमोटारींच्या शेजारून चालू लागते. वाट बुजवल्याचा दाखला कुठेच लागत नाही. म्हणून कुणी भांडतही नाही.

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. माझे वडील नोकरीला सायकलवरून जात, आणि त्यात त्यांना काही विशेष वाटत नसे. शेजारचे सगळेच तसे जात. पुढे शहर पसरले, अंतरे वाढली, स्वयंचलित दुचाकी घरोघर आल्या आणि सायकल मागे पडली. मग सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधले गेले, पण पुष्कळसे तुकड्यातुकड्यांत. एक तुकडा चांगला, पुढे विजेचा खांब, त्यापुढे चौक, आणि चौकात मार्गच नाही. पाट फुटला तो असा!

हीच चूक हॉलंडमध्येही झाली होती. त्या देशात १९७१ साली रस्त्यांवरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मेली, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. सरकारने १९७५ नंतर हेग आणि टिलबर्ग या शहरांत एकेक उत्तम सायकलमार्ग बांधून पाहिला. त्या मार्गावर सायकली वाढल्या, पण सबंध शहराचा हिशेब केला तर फारसा फरक पडला नाही. कारण उघड आहे. एका रस्त्यावर सुरक्षित वाटले, तरी तिथवर पोचायचे कसे, हा प्रश्न राहिलाच.

तेव्हा १९८०च्या दशकात डेल्फ्ट या शहराने एका मार्गाऐवजी सबंध जाळे विणले. त्याच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली, शहर ओलांडणाऱ्या मोठ्या वाटा, साधारण दर अर्ध्या किलोमीटरला एक. दुसरी, वस्तीवस्तीतून शाळेकडे आणि बाजाराकडे जाणाऱ्या, दोनशे-तीनशे मीटरच्या अंतराने. तिसरी, शे-दीडशे मीटरवरच्या गल्ल्या, जिथून लहान मूलही निघू शकेल. पाट, चारी आणि दांड, दुसरे काय! पुष्कळ रस्ते आधीचेच होते. जिथे वाट तुटत होती, तिथे पूल किंवा बोगदा केला, आणि काही एकेरी गल्ल्यांत सायकलीला दोन्ही बाजूंनी जाण्याची मुभा दिली. मग शहरात सायकलीचा वापर वाढला.

पायी चालणाऱ्याचे काय? भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ सालच्या नियमावलीत पदपथावर निदान १.८ मीटर रुंदीची जागा पूर्ण मोकळी असावी, आणि पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे सांगितले आहे. उंची का सांगितली? गुडघे दुखणाऱ्या आजीला फूटभर उंच चढवत नाही, म्हणून ती बिचारी खालून, गाड्यांतूनच चालते. पदपथ असून नसल्यासारखा! तीच गोष्ट वेगाची. गाडीचा वेग दुप्पट झाला, तर तिच्या धडकेतली शक्ती चौपट होते. म्हणून शाळेपाशी आणि बाजारात वाहन हळू चालेल अशीच रस्त्याची रचना हवी. नुसती पाटी लावून भागत नाही.

पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सायकलींचा सर्वंकष आराखडा मंजूर केला. चांगली गोष्ट झाली. पण आराखडा म्हणजे पाटाची आखणी. पाणी शेवटच्या शेतात पोचले, तरच ती खरी.

आपण काय करावे? गुरुजींना एक सुचवतो. मुलांकडून घर ते शाळा या वाटेचा नकाशा काढून घ्या. कुठे भीती वाटते, कुठे वाट तुटते, तिथे लाल खूण करायला सांगा. पंचवीस नकाशे शेजारी ठेवलेत, की गावाचे दुखणे कुठे आहे ते आपोआप दिसेल.

आणि शहर ज्यांच्या वेशीशी आले आहे, त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल आणावी. त्यात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, की हरकती आणि सूचना लेखी देण्याची मुदत असते. त्या मुदतीत ही तुटक रेषा पुढे ठेवा आणि म्हणा, आमची वाट इथून जाते, ती राखून मग भूखंड पाडा. इमारत उभी राहिल्यावर ते सांगून काही उपयोग नाही, बरं का. आज ती रेषा राखली, तर उद्याच्या शहरातही पोर आपल्या पायांनी शाळेत जाईल.